आक्काच्या अंगणावरची तार

या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमानं वाचते. चकवा, पिंपळावरची बाई, घाटात गाडीला हात करणारा म्हातारा... वाचते आणि पान उलटते. त्यातलं काही मला कधी खरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली मी. दाराला लिंबू-मिरची टांगू दिली नाही, की कुणाच्या अंगात आलं म्हणून हात जोडले नाहीत. तेव्हा बाई, तुम्ही इथं कशा, असं माझ्या जुन्या विद्यार्थिनी विचारतीलच. विचारू देत. माझ्याकडं भूत नाही. माझ्याकडं विजेची एक तार आहे, आणि तिच्याखाली माझ्या आक्काचा संसार मोडला.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. घरची कामं अंगावर पडली म्हणून ती सातवीत थांबली, आणि ती थांबली म्हणून मी शिकले. इतकं सरळ आहे ते. आमचं गाव बेळगाव तालुक्यातलं, आणि आक्काला दिली होती निपाणीजवळच्या एका खेड्यात. गावाचं नाव लिहीत नाही, दाजींची माणसं अजून तिथं नांदतात. काळी जमीन, नजर जाईल तिथवर तंबाखू. घर गावाच्या कडेला, पुढं मोठं अंगण, मागं लगेच शेत. लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं असेल, तेव्हा तिकडनं हाय-टेन्शनचे टॉवर आले. एक टॉवर दाजींच्या शेतातच रोवला आणि तारा गेल्या थेट अंगणावरून.

गावात तेव्हा निम्म्या घरांत कंदील होते. टॉवर आले तशी पारावर भांडणं सुरू झाली. एक म्हणायचा ही वीज कोल्हापूरला चाललीया, दुसरा म्हणायचा कुठली कोल्हापूरला, बेंगळूरवाले नेत्यात. आपल्या डोक्यावरून काहीतरी जातं आणि ते भलत्यालाच मिळतं, यावर आम्हा सीमाभागातल्या माणसांचा जन्मापासून विश्वास. तो कुणी शिकवावा लागत नाही.

आणीबाणी उठली त्याच्या आसपास आक्काला पहिल्यांदा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्यात आम्ही तिला आणली. मूल जन्मलं ते मेलेलंच. डोक्याची कवटी वरून झालीच नव्हती. सुईणीनं ते फडक्यात गुंडाळलं आणि आईला सुद्धा नीट बघू दिलं नाही. मी तेव्हा धारवाडला एम.एस्सी. करत होते. जेनेटिक्सच्या पुस्तकात असली चित्रं मी पाहिली होती, परीक्षेत त्यावर उत्तरं लिहिली होती. घरी मात्र मला आक्काच्या खोलीत जायचा धीर झाला नाही पहिल्या दिवशी.

दुसरं बाळंतपण सासरीच झालं. तेही तसंच. फक्त या वेळी पाठीचा कणा उघडा होता, आणि पोर घटकाभर जगलं.

सासूबाईंनी काय-काय केलं ते लिहीत बसत नाही. देवर्षी आणले, कोंबडं उतरवलं, आक्काला अनवाणी कुठं-कुठं फिरवली. मी भेटायला गेले तर माझ्यासमोरच म्हणाल्या, "आमच्या घरात असलं कवा झाल्यालं न्हाय. तुमच्याकडनंच काय तरी आलंया." आणि आक्का भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. माझ्या तोंडावर आलेले शब्द मी गिळले, कारण मी बेळगावला परत जाणार होते आणि आक्का तिथंच राहणार होती.

त्याच फेरीत मी तंबाखू बघितला. खुडणीचे दिवस होते. तंबाखूला फुलं येऊ देत नाहीत, शेंडे खुडतात, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. बायका ओळीनं चालल्या होत्या, मी सहज मागं-मागं चालले. सगळं रान हिरवंगार आणि मधोमध एक पट्टा वेगळा. पानांवर पांढऱ्या रेघा, कुठं अर्धं पान पांढरं, कुठं देठ चपटा होऊन दोन शेंडे फुटलेले. पट्टा सरळ, अगदी तारांच्या खाली. पुढं दुसऱ्यांच्या रानातही तसाच गेलेला.

"ह्येला आमी कोड फुटलेला तंबाखू म्हणतो," आक्का म्हणाली. "निपाणीचा व्यापारी हात बी लावत न्हाय. तारा आल्यापास्नं हाय ह्यो." मग आवाज खाली करून म्हणाली, "सुमे, तारंखाली उभं ऱ्हायलं की दात शिवशिवत्यात बघ. कच्ची चिंच खाल्ल्यागत."

मी उभी राहिले. खरंच शिवशिवले. हातावरची लव उभी राहिली. वर बारीक घूं असा आवाज. दाजींचा ट्रान्झिस्टर अंगणात आणला की नुसता खरखरायचा, आणि गल्लीत नेला की बातम्या स्पष्ट. मला वाटलं, सापडलं. अहो, किती आनंद झाला मला तेव्हा! आक्काचा दोष नाही, बाधा नाही, मागच्या जन्माचं पाप नाही — डोक्यावरच्या तारेतून वीज जाते, तिचं क्षेत्र पेशींवर काम करतं, आणि पेशी विभागताना गुणसूत्रं मोडतात. परदेशात कुठंतरी याचा अभ्यास चाललाय, एवढं आमच्या लायब्ररीतल्या एका मासिकात वाचलेलं होतं.

तोवर मी बेळगावात एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते, शहापुरात खोली घेऊन राहत होते. रात्रंदिवस विणकरांच्या मागांचा खटखट आवाज आणि माझ्या डोक्यात आक्काचं अंगण. बॉटनीच्या कुठल्याही मुलाला करता येतो तो प्रयोग मी केला. बाटलीच्या तोंडावर कांदा ठेवायचा, बुडाला पाणी टेकवायचं, मुळं फुटली की टोकं कापून रंगवायची आणि काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची. मुळाच्या टोकाला पेशी सारख्या विभागत असतात, तिथं गुणसूत्रं दोरीच्या तुकड्यांसारखी दिसतात. निम्मी एका टोकाला जायला हवीत, निम्मी दुसऱ्या. एक रांग मी आक्काच्या अंगणात ठेवली, एक गावात दाजींच्या चुलतीच्या परसात. कांदे एकाच पोत्यातले, पाणी एकाच विहिरीचं. मुळांची टोकं स्पिरिटच्या बाटलीत घालून बसनं बेळगावला आणली. संकेश्वरापर्यंत कंडक्टर माझ्या पिशवीचा वास घेत माझ्याकडं बघत होता.

चुलतीच्या परसातली मुळं पुस्तकातल्यासारखी. आणि अंगणातली... गुणसूत्रं दोन्हीकडून ओढली जाताहेत आणि मध्ये एखादं पुलासारखं ताणून अडकलंय. तुकडे मागं पडलेत. मुख्य केंद्रकाबाहेर छोटी-छोटी केंद्रकं तयार झालीत. आमच्या हेडसरांना दाखवलं. ते आधी म्हणाले, "स्लाइड नासवलीस तू." मग दुसरी बघितली, तिसरी बघितली. मग चष्मा काढून म्हणाले, "फवारणीचं औषध असेल. पाणी असेल." मी विहिरीचं पाणी, अंगणातली माती, सगळं बेळगावला आणून तोच प्रयोग केला. काही नाही. मुळं ठणठणीत. परत अंगणात जाऊन केला. परत तेच पूल, तेच तुकडे.

मधल्या काळात आक्काला तिसऱ्यांदा दिवस गेले.

आता माझ्याकडं बोलायला काहीतरी होतं. आप्पांना, म्हणजे आमच्या वडलांना, घेऊन मी दाजींच्या घरी गेले. सगळ्यांना बसवून सांगितलं — जे मोडतं ते पहिल्या काही आठवड्यांतच मोडतं, सातव्या महिन्याची वाट बघून उपयोग नाही. आक्काला आजच आमच्याकडं धाडा, मूल हातात घेऊनच परत येईल. सासूबाई म्हणाल्या, "तिसऱ्या खेपंला कोण माह्यारी जातंय? आन सातव्याच्या आदी पोटुशी बाई धाडली तर लोक म्हणणार, टाकली." मग दाजींनी मला विचारलं, "तारंमुळंच, ह्ये नक्की?" मी म्हणाले, नक्की. त्यांनी आईकडं बघितलं आणि म्हणाले, "जाऊ दे तिला. आयतवारी पोचवतो." आक्का दाराआड उभी होती. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले ते मला दिसलं.

रविवार यायच्या आधीच विजेच्या खात्याचा साहेब आला. तार हलवा म्हणून गावानं मागंच कधीतरी अर्ज केला होता, त्याची चौकशी. नेमका तेव्हाच. मी तिथंच राहिले होते आक्काची बांधाबांध करायला, म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

साहेब कानडी, मराठी मोडकं-तोडकं. सगळं गाव अंगणात जमलेलं. लोकांनी पांढरी पानं दाखवली, ट्रान्झिस्टर लावून दाखवला, मी स्लाइडबद्दल सांगितलं. साहेबानं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "करेंट इल्लारी," तो म्हणाला. "ह्यात करेंटच नाही. अजून जोडलाच नाही. तिकडं विजेचं स्टेशनच झालं नाही, इकडं पण तार मोकळीच आहे. पहिल्या दिवसापासून नाही."

कुणाचा विश्वास बसेना. वीज असणारच, नाहीतर आमच्या उरावर तार घातली कशाला? तेव्हा त्यानं बरोबरच्या लाइनमनला वर चढवलं. तो माणूस टॉवरवर चढला, आडव्या लोखंडावर पाय सोडून बसला, आणि झोक्याची दोरी धरावी तशी त्यानं ती तार उघड्या हातात धरली. मग खालच्यांची गंमत करायला एका हातानं खिशातली बिडी काढून पेटवली.

आधी कुणीतरी एक जण हसला. मग सगळेच हसले.

मी हसले नाही, कारण त्याच घटकेला माझे दात शिवशिवत होते. लव उभी होती. घूं चालू होतं. मी ट्रान्झिस्टर उचलून साहेबासमोर धरला. "मग ही खरखर कशाची?" तो म्हणाला, "रेडिओ खराब असेल." मी तोच रेडिओ घेऊन गल्लीत गेले, तिथं कुठल्यातरी बाईचं गाणं स्वच्छ लागलं. पुन्हा अंगणात आणला, पुन्हा खरखर. पण बघतं कोण? लाइनमन खाली उतरत होता आणि सगळं गाव हळूहळू एकाच बाजूला वळून बघायला लागलं होतं. दारात उभ्या असलेल्या आक्काकडं. तारेत काही नाही म्हटल्यावर उरलं कोण?

आक्का माहेरी आली नाही. "वायरीत काय न्हाय म्हटल्यावर कशाला जायाचं?" सासूबाई म्हणाल्या. शिवाय खुडणी तोंडावर, घरातले हात कमी करून कसं चालेल. दाजींना मी अंगणातच धरलं. म्हटलं, तार असो-नसो, या जागेत काहीतरी आहे, माझ्या स्लाइड खोट्या नाहीत, नऊ महिने फक्त लांब राहू दे तिला. ते म्हणाले, "काय हाय त्ये सांग. सांग की काय हाय, धाडतो." काही नसलेल्या तारेचं मी काय सांगणार होते?

तिसरं मूल पहिल्यासारखंच झालं. मुलगी होती. त्यानंतर महिन्याभरात दाजी आक्काला आमच्या दारात सोडून गेले, चहासुद्धा न घेता. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी बायको केली. आमच्यात सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न होतं, उडकी म्हणतात त्याला, आणि आप्पांनी एक स्थळ आणलंही होतं. आक्का म्हणाली, "अजून एक बघायची ताकद न्हाय माझ्यात." विषय संपला. ती शहापुरात माझ्याकडं राहायला आली.

आजचे डॉक्टर लगेच सांगतील, बाई, हे फॉलिक ॲसिडच्या कमतरतेनं होतं. माहीत आहे मला. हिरवा तंबाखू हाताळणंही वाईट, तेही माहीत आहे. पण गावातल्या प्रत्येक बाईनं तेच खाल्लं, तोच तंबाखू हाताळला. आणि माझे कांदे कुठं फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेत होते?

ऐंशी साल उलटून गेल्यावर तिकडचं स्टेशन झालं आणि तारेत खरोखरची वीज सोडली. मला कळलं तसं मी गेले. दाजींच्या घरात पाऊल ठेवलं नाही, शेजारच्या रानातून, त्याच तारांखालून चालत गेले. तंबाखू हिरवागार. पांढरी रेघ औषधाला नाही. माझा स्वतःचा रेडिओ नेला होता, त्यात जराशी कुरकुर, बाकी सगळं स्पष्ट. दात शांत. कांदे ठेवले, मुळं आणली, रात्र जागून बघितली. एकही पूल नाही, एकही तुकडा नाही. मला रडू कोसळलं ते रागानं. वीज आली आणि जे काय होतं ते थांबलं. कशाला थांबावं त्यानं? दाजींच्या दुसऱ्या बायकोला त्याच घरात, त्याच जिवंत तारेखाली, लागोपाठ दोन मुलगे झाले. गुटगुटीत. म्हणजे गावाच्या दृष्टीनं निकाल लागला. तार निर्दोष, दाजी निर्दोष.

एकदा धारवाडला सेमिनारमध्ये बाहेरून आलेल्या एका मोठ्या माणसाला मी त्या स्लाइड दाखवल्या. तो फार वेळ बघत होता. मग त्यानं विचारलं, "तारेचं फील्ड किती होतं?" म्हटलं, शून्य. त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मी स्लाइडची पेटी मिटली आणि बेळगावची बस धरली.

दशकाच्या शेवटी एका दुपारी दाजी आमच्या दारात. केस पांढरे झाले होते, हातात केळ्यांची फणी. आक्कानं पाणी दिलं. बराच वेळ पावसापाण्याचं बोलून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी घातलेलं वर्तमानपत्र काढलं. हाय-टेन्शनच्या तारांखाली राहणाऱ्या मुलांना आजार होतात, असं परदेशी शास्त्रज्ञ म्हणतात, अशी बातमी होती.

"सुमे, तुझंच खरं हुतं बघ," ते म्हणाले. "तवा आमाला अक्कल न्हवती. पोरं तारंखाली ठेवायला आता जीव धजत न्हाय. हितं बेळगावात साळंत घालावं म्हणतो. तू कॉलेजात हाईस, तुझ्या वळकीनं जागा मिळंल..." आणि आक्काकडं न बघता म्हणाले, "हितंच ऱ्हातील तुमच्यापाशी. तुज्या हाताखाली चांगली वाढतील."

मी उठून उभीच राहिले. अशी शिवी तोंडात आली होती की काय सांगू. नऊ महिने मागितले होते मी. नऊ महिने. पण आक्कानं मला हातानं खाली बसवलं.

"ठेवीन की," ती म्हणाली. "पोरांचा काय दोष? पण तुमी एकदा माजं नाव घिऊन माज्या तोंडावर म्हणा. इंदे, तुझा दोष न्हवता."

"न्हवताच. तारंचाच की."

"तारंत वीज न्हवती तवा. तुमच्या डोळ्यांदेखत त्यो माणूस वर बसून बिडी वडत हुता. तारंचं नाव घिऊ नका. नुसतं म्हणा, दोष न्हवता."

दाजींनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. चार शब्द होते. कुठलं मासिक नको, प्रयोग नको, स्लाइड नको. त्यांचे ओठ हललेही.

"पण..." ते म्हणाले, "कायतरी असंलच की गं."

आक्कानं मान हलवली. रडली नाही, चिडली नाही. "मग न्हाय ठेवत," म्हणाली, आणि केळ्यांची फणी उचलून त्यांच्या पिशवीत परत ठेवली.

दाजी गेले. मुलांना त्यांनी नंतर कोल्हापूरला ठेवलं म्हणे. त्या स्लाइड माझ्याकडं होत्या, बरीच वर्षं, रंग उडेपर्यंत. तारेत वीज नव्हती तेव्हा तिथं काय होतं आणि वीज आल्यावर ते कुठं गेलं, मला माहीत नाही, आणि कुणाला सुचलं तर मला कळवू नका. एक दिवस हेच मी आक्काला सांगितलं, की मी हरले, मला कारण सापडलं नाही. ती गहू निवडत होती. म्हणाली, "मला कारण कुठं पायजे हुतं, सुमे? मला त्यानं तसंच घरात ठिवायला पायजे हुती."